मागे राहिलेला बंद संगणक

घरातले माणूस गेल्यावर तेरावे होईपर्यंत त्याच्या संगणकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मग विम्याची पॉलिसी, फ्लॅटच्या कर्जाचे कागद, शेअरचे खाते, नातवंडांचे फोटो यांची आठवण निघते. कोणीतरी लॅपटॉप उघडतो आणि पडद्यावर पासवर्डची चौकट येते. जन्मतारीख, गाडीचा नंबर, कुलदैवताचे नाव असे एकेक टाकून पाहिले जाते. ते लागू पडले नाही की यंत्र लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे पोचते. या घाईत आपल्याला नेमके काय हवे आहे, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. यंत्र हवे आहे, त्यातला मजकूर हवा आहे, की गेलेल्या माणसाच्या नावाने आत शिरून व्यवहार करण्याची सोय हवी आहे? या तीन गोष्टी एकाच पासवर्डमागे असल्यामुळे एकच वाटतात, पण त्यांचा कायदा वेगळा आहे, तंत्र वेगळे आहे आणि नीतीही वेगळी आहे. यंत्र आणि मजकूर वारसाकडे येतात. त्या माणसाची ओळख वारसाकडे येत नाही. या विषयातले बहुतेक घोटाळे ही सीमा न पाळल्याने होतात असे माझे मत आहे, आणि बहुतेक उपायही तिच्यापाशीच सापडतात.

आधी तंत्राचे पाहू, कारण हळहळ सगळ्यात जास्त तिथेच होते. संगणकाचे कुलूप दोन जातींचे असते. विंडोजचा नुसता लॉगिन पासवर्ड म्हणजे दाराला लावलेले कुलूप. आत कपाटातले कागद साध्या लिपीतच असतात, दार चुकवून आत गेलेल्याला ते वाचता येतात. अशा संगणकाची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, की फायली दिसू लागतात. पासवर्ड शोधायची गरजच पडत नाही. मराठी घरांमध्ये आजही चालू असलेले विंडोज ७ किंवा १० चे जुने डेस्कटॉप बहुतांशी या जातीचे आहेत. दुसरी जात एन्क्रिप्शनची. तिथे डिस्कवरचे प्रत्येक अक्षर सांकेतिक झालेले असते आणि किल्लीशिवाय डिस्क काढून नेली तरी हाती निरर्थक आकडेच लागतात. मायक्रोसॉफ्टचे बिटलॉकर २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आले, तेव्हा ते फक्त महागड्या आवृत्त्यांमध्ये होते. आता चित्र पालटले आहे. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप सांकेतिक होऊ लागते. अनेकांना आपल्या यंत्रात असे काही चालू आहे याचा पत्ताही नसतो. मॅकमध्ये तर २०१८ नंतरच्या टी२ चिपच्या आणि २०२० पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या यंत्रांत साठवण कायमच सांकेतिक असते आणि ती त्या यंत्रातल्या चिपशी बांधलेली असते. आयफोनबाबत ॲपलचे उत्तर स्पष्ट आहे: फोनचा पासकोड फोन पुसून टाकल्याशिवाय कंपनीलाही काढता येत नाही.

पासवर्ड ओळखण्याच्या गोष्टी आपण ऐकतो त्या जुन्या जातीच्या कुलपांच्या असतात. नॉर्वेतल्या इवार ओसेन केंद्रात रायदार यूपेदाल या अभ्यासकाच्या संग्रहातल्या हजारो ग्रंथांची संगणकीय सूची होती. ती तयार करणारा माणूस पासवर्ड न सांगता वारला. वर्षानुवर्षे सूची बंद राहिली आणि २००२ मध्ये केंद्राने जगभरातल्या जाणकारांना जाहीर आवाहन केले. काही तासांतच उत्तर आले. पासवर्ड म्हणजे संग्राहकाचे आडनाव उलट्या क्रमाने लिहिलेले होते. ही हकीकत ऐकून आशा वाटते, पण तिच्यामागचे कारण लक्षात घ्यायला हवे. ती सूची जुन्या डेटाबेस प्रणालीतली होती, तिची प्रत काढून कोणालाही पाठवता येत होती आणि कितीही वेळा प्रयत्न करता येत होता. आजच्या लॅपटॉपमधली सुरक्षा चिप चुकीच्या प्रयत्नांनंतर वाट पाहायला लावते किंवा थेट ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ४८ अंक तर्काने कोणी सांगू शकत नाही. म्हणून कुलदैवताच्या नावापासून सुरू होणारी ती अंदाजांची मालिका नव्या यंत्रावर निरुपयोगी असते, आणि ज्या फोनवर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर सर्व पुसण्याची सोय चालू ठेवलेली असते तिथे ती घातक ठरते.

घातक गोष्टी आणखीही आहेत, आणि त्या बहुधा मदतीच्या हेतूने केल्या जातात. दुरुस्तीवाला पासवर्ड 'उडवून' देतो तेव्हा घरच्यांना वाटते, काम झाले. संगणक उघडतो, फोटो दिसतात. पण विंडोज ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि काही खास संरक्षित फायली वापरकर्त्याच्या मूळ पासवर्डपासून बनवलेल्या किल्लीने बंद ठेवते. बाहेरून जबरदस्तीने पासवर्ड बदलला की ती किल्ली हरवते. म्हणजे ज्या साठवलेल्या माहितीसाठी संगणक उघडला तीच उघडण्याच्या कृतीने नाहीशी होऊ शकते. बिटलॉकर चालू असलेल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला तर यंत्र रिकव्हरी की मागते. 'फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो' असे कोणी म्हणाले आणि आत एसएसडी असली, तर पुसलेले परत मिळण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही, कारण ही डिस्क मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करत असते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी यंत्र बंद करून बाजूला ठेवावे, मग डिस्क सांकेतिक आहे की नाही ते पाहावे, नसेल तर संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी, आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. मूळ डिस्कला हात लावू नये. चांगला तंत्रज्ञ हे स्वतःहून सांगतो. जो सांगत नाही त्याच्याकडे यंत्र सोडून येऊ नये.

आता पैशांविषयी, कारण संगणक उघडण्याची खरी घाई बहुतेक घरांत पैशांची असते. बँकेतली ठेव, म्युच्युअल फंड, शेअर, विमा, भविष्यनिर्वाह निधी यांतले काहीच त्या संगणकात नसते. संगणकात फार तर त्यांचा माग असतो, आणि तो माग काढण्याच्या दुसऱ्या वाटा आता बऱ्यापैकी रुंद झाल्या आहेत. पॅन क्रमांकावर निघणाऱ्या एकत्रित खाते विवरणात डिमॅट आणि म्युच्युअल फंड एकाच जागी दिसतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'उद्गम' संकेतस्थळावर अनेक बँकांतल्या बेवारस ठेवी नावावरून शोधता येतात. विसरलेल्या म्युच्युअल फंडांसाठी २०२५ पासून 'मित्र' ही सोय आहे. मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये नवे निर्देश काढले; त्यांनुसार सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा आहे. प्राप्तिकराचे विवरण भरायचे तर ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करता येते, आणि वारस स्वतःच्या नावाने आत जाऊन मृताच्या वतीने विवरण भरतो. मला ही सोय आदर्श वाटते. इथे मृताचा पासवर्ड कोणी विचारत नाही, वारसाने मृताचे सोंग घ्यावे अशी अपेक्षा नाही आणि काम मात्र पूर्ण होते.

याउलट घरोघर काय चालते? वडिलांचे निधन झाल्यावर त्यांच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीने किंवा त्यांच्या एटीएम कार्डाने पैसे काढले जातात, अनेकदा अंत्यविधीच्या आणि दवाखान्याच्या खर्चासाठीच. हेतू शुद्ध असतो. तरीही खातेदार गेल्याबरोबर त्याने दिलेली परवानगी संपते, आणि पुढे भावाभावांत वाद झाला की हाच व्यवहार सर्वांत आधी समोर ठेवला जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमात दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अशा खर्चासाठी पैसे काढणाऱ्या मुलाला कोणी तुरुंगात टाकेल असे मला सुचवायचे नाही. पण ज्या पैशांकडे जाण्याची सरळ वाट आहे तिथे आडवाटेने जाऊन स्वतःवर संशय ओढवून घेण्यात शहाणपण नाही. सिमकार्डाबाबत मात्र घाई करावी, आणि ती उलट्या दिशेने: ते बंद करू नये, मृत्यूचा दाखला दाखवून वारसाच्या नावावर करून घ्यावे. रिचार्ज थांबून काही महिने गेले की तो क्रमांक दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि त्याच्याशी जोडलेली सारी खाती परक्या माणसाच्या हाताजवळ जातात.

बंद लॅपटॉपमध्ये खजिना आहे, या समजुतीची किंमत किती मोठी असू शकते ते कॅनडातल्या क्वाड्रिगासीएक्स या आभासी चलनाच्या बाजारपेठेने दाखवले. तिचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर इथे वारला. ग्राहकांचे कोट्यवधी डॉलरचे चलन ज्या पाकिटांत आहे त्यांच्या किल्ल्या त्याच्या सांकेतिक लॅपटॉपमध्ये असून पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, असे त्याच्या पत्नीने न्यायालयाला सांगितले. तज्ज्ञ कामाला लागले. पण खरे उत्तर लॅपटॉपमधून मिळालेच नाही. लेखापरीक्षकांनी सार्वजनिक नोंदी तपासल्या तेव्हा ती पाकिटे संस्थापकाच्या मृत्यूच्या कित्येक महिने आधीच रिकामी झाल्याचे दिसले, आणि ओंटारियोच्या रोखे नियामकाने जून २०२० च्या अहवालात हा सगळा प्रकार फसवणुकीचा असल्याचा निष्कर्ष काढला. कुलूप अभेद्य होते, आत मात्र काही नव्हते. आभासी चलनाला अपवाद म्हणून मान्यता द्यावीच लागेल: ज्याने नाणी स्वतःच्या पाकिटात ठेवली आहेत त्याची किल्ली हरवली तर कोणतेही न्यायालय ती परत मिळवून देऊ शकत नाही. तिथे किल्ली हीच संपत्ती. मात्र असा वारसा ज्यांच्या घरी आहे अशी कुटुंबे थोडी, आणि त्यांच्या अपवादावरून सर्वांनी संगणक फोडत सुटण्याचे कारण नाही.

मग संगणकात खरोखर काय उरते? फोटो, पत्रे, अर्धवट लेखन, हिशेबाच्या वह्या, एखाद्या संस्थेचे दप्तर, कुळाचा वृत्तांत. बाजारात यांना भाव नाही, आणि बँक किंवा सरकार ते परत आणून देऊ शकत नाही. संगणक उघडायचा तो यासाठी. यावर वारसाचा हक्क आहे का? भारतात या प्रश्नाला एका कायद्यात उत्तर नाही, पण तुकडे जोडले की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. संगणक ही जंगम मालमत्ता आहे आणि ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने वारसांकडे येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीविना केलेल्या प्रवेशाला दोष देते. वारस स्वतःच मालक झाला असेल तर स्वतःच्या यंत्राची डिस्क वाचण्यात अपराध नाही. लेखनाचा प्रताधिकार १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि तोही वारसांकडे जातो. महाराष्ट्रात वारस दाखल्यासाठी १८२७ चा मुंबई विनियम आजही कामी येतो, हे विशेषच. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेल्या व्यवस्थेत पती-पत्नीचा अर्धा-अर्धा हिस्सा धरला जातो, आणि इन्व्हेंटरीच्या कामकाजात मालमत्तेची यादी न्यायालयापुढे ठेवावी लागते. तिथे संगणक आणि त्यातला डेटा यादीत लिहिण्याची सवय वकिलांनी लावून घ्यायला हवी.

वारस अनेक असतात, हे इथे विसरून चालत नाही. थोरल्या मुलाने लॅपटॉप नेला म्हणून तो त्याचा एकट्याचा होत नाही. नामनिर्देशन असले तरी नॉमिनी हा मालक नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत पुन्हा एकदा सांगितले; ज्यांच्या मालमत्तेविषयी ते प्रकरण होते ते कालनिर्णयकार जयंत साळगावकर असल्यामुळे मराठी वाचकांना ते परिचित असेल. हाच न्याय संगणकाला लावला तर डिस्क उघडण्यापूर्वी सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी, कोणी, कोठे आणि कधी उघडली याची सहीनिशी नोंद ठेवावी आणि प्रत सर्वांना द्यावी. एक कुटुंब अमेरिकेत आणि आईवडील पुण्यात अशी स्थिती असलेल्या घरांत तर हे अधिकच गरजेचे आहे, कारण इथे असलेला भाऊ काय पाहतो आहे हे तिथल्या बहिणीला दिसत नाही.

डिस्कच्या पलीकडे गेलो की, म्हणजे ईमेल, क्लाउड आणि समाजमाध्यमांच्या खात्यांत, कंपनीचा करार आडवा येतो. यावरचे दोन परदेशी निकाल माझ्या मुद्द्याला फार जवळचे आहेत. नोव्हेंबर २००४ मध्ये इराकमध्ये मारल्या गेलेल्या जस्टिन एल्सवर्थ या अमेरिकी सैनिकाच्या वडिलांना त्याचे ईमेल हवे होते आणि याहूने नकार दिला. एप्रिल २००५ मध्ये मिशिगनच्या न्यायालयाच्या आदेशाने याहूने ईमेल सीडीवर उतरवून दिले. पासवर्ड दिला नाही. जर्मनीत २०१२ मध्ये बर्लिनच्या भुयारी रेल्वेखाली मरण पावलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे फेसबुक खाते आईवडिलांना पाहायचे होते. तो अपघात होता की आत्महत्या, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. आईकडे पासवर्ड होता, पण खाते स्मृतिखात्यात बदलल्यामुळे तो चालेना. जुलै २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने पत्रे आणि रोजनिशी जशी वारसांकडे जातात तसेच खातेही जाते, असे ठरवले. त्यावर फेसबुकने चौदा हजारांहून अधिक पानांची पीडीएफ पाठवून दिली, तेव्हा २०२० मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले की वारसांना खात्यात मूळ वापरकर्त्यासारखे हिंडता आले पाहिजे, मात्र त्यांनी तिथून सक्रिय वापर करायचा नाही. पाहावे, बोलू नये. मजकूर वारसाचा, ओळख नाही, हेच तत्त्व न्यायालयाने यापेक्षा नेमकेपणाने क्वचित सांगितले असेल.

अमेरिकेत २०१५ च्या नमुना कायद्याने, जो बहुतेक राज्यांनी स्वीकारला, पसंतीचा क्रम ठरवून दिला आहे: आधी कंपनीच्या सोयीत मृताने जिवंतपणी काय निवडले ते, नंतर मृत्युपत्र, शेवटी कंपनीच्या अटी. भारतात २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या १४ व्या कलमाने मृत्यू किंवा असमर्थता आल्यास आपले हक्क वापरण्यासाठी कोणाला तरी नेमण्याची मुभा दिली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पाऊल चांगले आहे, पण ज्याने कोणाला नेमले नाही अशा माणसाच्या वारसांविषयी हे कलम काही सांगत नाही, आणि आपल्याकडे गेलेली बहुतेक माणसे न नेमताच गेलेली असतात.

वारसाने संगणक उघडावा यावर पहिला आक्षेप गोपनीयतेचा येतो आणि तो हलका नाही. माणसाने पासवर्ड लावला याचा अर्थ त्याला काही लपवायचे होते. मग मृत्यूनंतर ते उघडणे हा त्याच्या इच्छेचा भंग नाही का? माझे उत्तर असे की पासवर्ड हा इच्छेचा पुरावा म्हणून फार कच्चा आहे. तो बहुधा चोराच्या भीतीने किंवा यंत्रानेच मागितला म्हणून लावलेला असतो, आणि नव्या यंत्रांत तर एन्क्रिप्शन मालकाला न विचारताच चालू होते. भारतीय न्यायालयांचाही कल व्यक्तीच्या खासगीपणाचा हक्क तिच्याबरोबर संपतो असे मानण्याकडे आहे. पण कायद्याचे उत्तर इथे पुरेसे नाही. संगणकात जिवंत माणसांचीही गुपिते असतात: मैत्रिणीने विश्वासाने लिहिलेले पत्र, रुग्णाच्या तपासण्या, पक्षकाराने वकिलाला सांगितलेली हकीकत. डॉक्टर, वकील, समुपदेशक यांचा संगणक घरच्यांनी स्वतः चाळू नये. त्यांच्या व्यवसायातल्या सहकाऱ्याकरवी रुग्णांच्या आणि पक्षकारांच्या फायली आधी वेगळ्या काढाव्यात. ऑफिसने दिलेला लॅपटॉप तर कुटुंबाचा नाहीच. तो परत करावा आणि खासगी फोटो काढून देण्याची लेखी विनंती करावी. घरच्या संगणकातही जे शोधायला गेलो तेवढेच शोधावे. आईच्या तरुणपणच्या पत्रव्यवहारावर मुलांचा मालकी हक्क आहे म्हणून तो वाचलाच पाहिजे असे नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. मृत्यूचा दाखला दाखवल्यावर कंपनीने कुलूप का उघडून देऊ नये? दुःखात असलेल्या माणसाला हा नकार क्रूर वाटतो, आणि मला त्या रागाबद्दल सहानुभूती आहे. पण ज्या किल्लीने कंपनी मृताचे यंत्र उघडील त्याच किल्लीने जिवंताचेही उघडता येईल, आणि खोटा मृत्यूदाखला बनवणे आपल्या देशात अशक्य नाही. सर्वांसाठी मागचे दार ठेवण्याची मागणी म्हणूनच चुकीची आहे. मात्र एका बाबतीत कंपन्यांचे वागणे समर्थनीय नाही. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की अनेकदा मृताच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खाते ईमेलचेही असते, त्यामुळे त्यातले काही हवे असेल तर कंपनी न्यायालयाचा आदेश मागते. परिणामी यंत्राचा मालक झालेल्या वारसाला यंत्राची किल्ली मिळत नाही, कारण ती मृताच्या पत्रपेटीशेजारी ठेवली आहे. इथेच वारस मृताच्या फोनवर आलेला कोड वापरून खात्यात शिरतो, आणि मी आखलेली सीमा त्याला ओलांडावी लागते. सर्व वारसांच्या लेखी संमतीने, फक्त किल्ली घेण्यापुरता, असा प्रवेश मी दोषास्पद मानणार नाही. पण ही वेळ येऊच नये. किल्ली यंत्राची आहे, पत्रांची नाही. खरेदीचे बिल, यंत्राचा अनुक्रमांक, मृत्यूदाखला आणि वारस दाखला एवढ्यावर ती यंत्राच्या नव्या मालकाला वेगळी देण्याची सोय कंपनीने केली पाहिजे, आणि ग्राहकहिताच्या दृष्टीने सरकारने ती मागितली पाहिजे.

संगणक उघडला म्हणजे काम संपले असेही नाही, निदान मराठी लेखकाच्या, संपादकाच्या किंवा छोट्या मुद्रणालयाच्या संगणकाबाबत तरी नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीचे कितीतरी मराठी लेखन श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या खास फॉन्टमध्ये, पेजमेकरच्या फायलींत पडून आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. 'फाइल खराब झाली' असे समजून ती पुसलीही जाते. वाचवण्यासारखा मजकूर असा हातातून जाऊ नये, यासाठी डिस्कची प्रत काढताना कागदपत्रांचा फोल्डर तेवढा न उचलता फॉन्टचा फोल्डर आणि मूळ सॉफ्टवेअरही सोबत घ्यावे. काही प्रणालींना संगणकाला लावायचे डाँगल लागत असे. टेबलाच्या खणातला तो बिनकामाचा वाटणारा तुकडा भंगारवाल्याला देऊ नये. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, आणि त्यानंतर नजरेखालून घालून शुद्ध करणारे माणूस लागते. साहित्य संस्थांनी आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी दिवंगत लेखकांच्या वारसांसाठी एवढी मदत उभी केली तर ते मोठे काम ठरेल. हस्तलिखिते जपण्याची आपली परंपरा आहे. हार्ड डिस्क जपण्याची अजून नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. जिवंतपणीच पासवर्ड लिहून ठेवा असे सांगणे म्हणजे चोराला निमंत्रण नव्हे का? पासवर्डची वही खणात ठेवण्याचा सल्ला मीही देणार नाही, आणि मृत्युपत्रात तर पासवर्ड मुळीच लिहू नये, कारण मृत्युपत्र पुढे अनेकांच्या हातांतून जाते. पण मृताची ओळख उधार न घेताही वारसाला वाट मोकळी करून देणाऱ्या सोयी आता आहेत. गुगलने २०१३ पासून दिलेल्या सोयीत खाते किती महिने निष्क्रिय राहिल्यावर कोणाला कोणता डेटा द्यायचा हे आधीच ठरवता येते, आणि ती न वापरणाऱ्याचे खाते दोन वर्षे पडून राहिल्यास गुगल पुसून टाकू शकते. ॲपलने डिसेंबर २०२१ पासून वारस-संपर्क नेमण्याची सोय दिली. नेमलेल्या माणसाकडची खास किल्ली आणि मृत्यूदाखला मिळाल्यावर त्याला तीन वर्षे डेटा पाहता येतो, साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत. आणि मृत्युपत्राविषयी एक इशारा: माहिती तंत्रज्ञान कायदा मृत्युपत्राला लागू नाही. ईमेलमध्ये किंवा संगणकातल्या फायलीत लिहिलेले मृत्युपत्र त्याच्या आधारे वैध ठरत नाही. ते कागदावर, सहीनिशी, दोन साक्षीदारांसमोर करावे आणि त्यात संगणक, त्यातले लेखन व फोटो कोणाला द्यायचे हे स्पष्ट लिहावे.

आपल्या विंडोज संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का ते आजच पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की छापून घ्या, कागदावर यंत्राचे नाव लिहा आणि तो घराच्या खरेदीखताबरोबर ठेवा. तो कागद नुसता हाती लागून कोणाला तुमच्या ईमेलमध्ये किंवा बँक खात्यात शिरता येणार नाही, पण तुमच्या मुलांना डिस्क वाचता येईल.